मदत हवी आहे: दुपारी तापली की ई-सायकलची मोटर जागेवरच थरथरते

नमस्कार मंडळी. आम्ही फैजपूरजवळचे, केळीवाले. अप्पांना गुडघ्यांमुळे फार पायडल मारवत नाही, म्हणून त्यांच्या साध्या सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटचं किट बसवलंय. मागच्या चाकात हब मोटर, आत गिअर असलेली. मागचा उन्हाळा विनातक्रार गेला.

यंदा मात्र त्रास सुरू झालाय. सकाळी सायकल ठणठणीत चालते. शेतीची लाईट दुपारच्या पाळीत असली की अप्पा ठिबक चालू करायला मळ्यात जातात. जाताना काही नाही. पण बांधावर उन्हात उभी राहून तापली, की परत निघताना थ्रॉटल पिळल्यावर चाक पुढे न जाता थरथरतं आणि घर्रर्र आवाज येतो. पायाने ढकलून जरा वेग दिला की मोटर पकडते, मग घरापर्यंत नीट. मध्ये कुठे थांबलं की पुन्हा तेच. पारा ४५ च्या घरात असताना सत्तरीच्या माणसाने सायकल ढकलत यायचं, हे मला बघवत नाही.

बॅटरी फुल चार्जला ४२ व्होल्ट दाखवते आणि थरथरताना व्होल्टेज कोसळत नाही. ब्रेक दाबला की मोटर बंद करते ती कटऑफची वायर काढून पाहिली, फरक नाही. मध्यंतरी बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं तेव्हा मागचं चाक काढलं होतं, तेही सांगून ठेवतो.

मेकॅनिकने सकाळच्या गारव्यात पाहिली. तेव्हा ती अर्थातच चालली. तरी "मोटर गेली, आख्खं चाक बदला" म्हणाला. मला पटत नाही. वायंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळालं असतं तर सकाळी तरी कशी चालली असती? हॉल सेन्सरचा (मोटरमधल्या चुंबकांची जागा ओळखतो तो) प्रकार असेल का? घरी कसं तपासायचं?

भुसावळहून:
चाक बदलू नका भो! लक्षणं हॉल सेन्सरचीच आहेत. ब्रशलेस मोटरमध्ये कोणत्या क्षणी कोणत्या फेजला (वायंडिंगच्या तीन गटांपैकी एकाला) करंट द्यायचा, हे कंट्रोलर (मोटर चालवणारा डबा) तीन हॉल सेन्सरांच्या सिग्नलवरून ठरवतो. एक जरी गप्प झाला तरी उभ्या चाकात चुंबक कुठे आहेत ते त्याला कळत नाही, म्हणून थरथर. सायकल ढकलली की चाकाचं ओझं मोटरवर येत नाही, ती कशीबशी फिरायला लागते. मोटर फिरली की वायंडिंगमध्येच व्होल्टेज तयार होतं आणि बरेच कंट्रोलर त्याच्यावरून भागवून नेतात. म्हणून ढकलल्यावर चालते.

फक्त तपासा ती तापलेली असतानाच, सकाळी काहीही सापडणार नाही. मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, बॅटरी चालू, कनेक्टर जोडलेलाच. मोटरजवळचा नऊ पिनांचा गोल कनेक्टर बंद असतो, त्यामुळे मागून प्रोब घालायची ती कंट्रोलरच्या टोकाला. लाल-काळ्या बारीक वायरींत ५ व्होल्टच्या आसपास हवेत. मग काळी प्रोब काळ्यावरच ठेवून बारीक पिवळी, हिरवी, निळी एकेक पाहा (जाड त्या फेजच्या, त्यांना हात नको). चाक हळूहळू उलटं फिरवा. गिअरच्या हबमध्ये क्लच असतो, चाक पुढे फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही आणि चांगला सेन्सरही मेल्यासारखा दिसतो. पायडल उलटे फिरतील, फिरू द्या. तिन्ही वायरींवर आकडा शून्य ते पाच अशा उड्या मारायला हवा.

धुळ्याहून:
दादा, मोटर उघडायच्या आधी एक्सलमधून केबल बाहेर येते ती जागा बघा. पंक्चरनंतर टॉर्क वॉशर (एक्सल फिरू न देणारा) उलटा बसला किंवा नट ढिला राहिला, तर एक्सल फिरतो आणि केबल पिळून आतली बारीक वायर तुटते. तापली की सुटते, गार झाली की टेकते, असंही होतं. आणि प्रोब जपून धरा. ५ व्होल्टची लाल वायर जाड फेजला टेकली तर कंट्रोलरही जाईल.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. मीटर घेऊन दुपारी मळ्यातच गेलो. लाल-काळ्यात ४.९. पिवळी आणि हिरवी बरोबर उड्या मारतात, निळी पाचवरच चिकटलेली. एक्सलपाशी केबल हलवून पाहिली, फरक नाही. वॉशर, नट जागेवर आहेत. सायकल केळीच्या सावलीत गार होऊ दिली, तर निळीही शून्यावर यायला लागली! आता सेन्सर कोणता आणू?

भुसावळहून:
सापडला की मग! जुन्यावर छापलेला नंबर बघून तोच आणा. बहुतेक ४१एफ असतो, जळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा. महाग नसतो, तिन्ही बदला, सारखी मोटर खोलायला नको. काढण्याआधी फोटो घ्या, छापील बाजू जुन्यासारखीच ठेवा, उलटा बसला तर सिग्नल उलटा येतो. सोल्डरिंग गन पायांवर जास्त वेळ टेकवू नका, प्रत्येक पायावर स्लीव्ह (इन्सुलेशनची बारीक नळी) चढवा, मग एपॉक्सीने चिकटवा. रोटर (चुंबक असलेला फिरता भाग) काढताना चुंबक जोरात ओढतात, बोटं सांभाळा. उघडलीच आहे तर नायलॉनच्या गिअरचे दातही बघा, काळं पडलेलं ग्रीस पुसून नवं लावा.

बंद केल्यावर केबल एक्सलपासून आधी खाली लोंबती सोडून मग वर न्या. मृगाचा पाऊस तोंडावर आहे, पाणी त्या वळणावरून खाली गळेल, मोटरमध्ये शिरणार नाही.