मॅट व्हिनाइलवरचे पाण्याचे पांढरे डाग काही केल्या जात नाहीत

मॅटब्लॅक:
गाडीच्या बॉनेटवर आणि रूफवर मॅट (न चकाकणारं) काळं व्हिनाइल, म्हणजे रंगावर चिकटवायची फिल्म (रॅप), लावलंय आणि दोन्ही साइडला ग्लॉसी पट्टे. पार्किंगच्या शेजारीच स्प्रिंकलर आहे, त्याचं पाणी उडतं आणि उन्हात तसंच सुकतं, त्यामुळे सगळीकडे पांढरट गोल गोल डाग पडलेत. गंमत म्हणजे ओलं असताना डाग गायब, सगळं नव्यासारखं, आणि सुकलं की परत हजर. शाम्पूने धुवून झालं, फडक्याने जोर लावून पुसून झालं, ढिम्म हलत नाहीत. पेंटवर असे डाग पडले तर पॉलिश मारतो पण व्हिनाइलवर ते मारायची हिंमत होत नाहीये. कुणी काढलेत का असे डाग? नवीन रॅप लाव हे सोडून काहीही सांगा.

घाईतला:
टूथपेस्ट लाव आणि जुन्या ब्रशने घास. नाहीतर रबिंग कंपाउंड. माझ्या हेडलाइटचा पिवळेपणा असाच गेला होता.

फिल्मफुगा:
घाईतला, अरे हेडलाइट कडक प्लॅस्टिक असतं, व्हिनाइल म्हणजे मऊ पीव्हीसीची फिल्म, गोंदासकट जेमतेम 0.1 मिलिमीटर. आणि मॅट मॅट दिसतं ते वरच्या बारीक खरखरीतपणामुळे, उजेड तिथे विखुरतो म्हणून. तो खरखरीतपणा घासून सपाट केलास की तेवढाच भाग चकाकायला लागतो आणि तो परत मॅट होत नाही. म्हणजे पांढरे डाग जाऊन चकचकीत डाग येणार, फायदा काय?

मॅटब्लॅक, पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं आणि ते तिथेच बसतात. गिझरच्या कॉइलवर चढतो तोच थर. शाम्पू तेलकटपणा आणि धूळ काढतो, क्षार विरघळवत नाही, त्याला आम्लच लागतं. म्हणून साधं पांढरं व्हिनेगर (5 टक्केवालं) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

पण आधी बोट फिरवून बघ. खरखरीत लागलं तर थर वर बसलाय, तो निघेल. गुळगुळीत लागतंय आणि तरी डाग दिसतोय तर फिल्मच खराब झाली असण्याची शक्यता जास्त. ओलं असताना गायब होतात यावरून काही कळत नाही, दोन्हीत तसंच होतं.

गाडी सावलीत घे, पत्रा हाताला गार लागला पाहिजे, आणि आधी नीट धुवून घे, नाहीतर धुळीचे कण फडक्याखाली येऊन ओरखडे पडतात. मग एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात ट्रायल घे. ठीक वाटलं तर मायक्रोफायबर त्या पाण्यात भिजवून डागावर नुसतं अंथर, मिनिटभर राहू दे, सुकू द्यायचं नाही हे महत्त्वाचं. घासू नको, उचलताना हलकं सरळ पुस, लगेच भरपूर पाणी, परत शाम्पू, परत पाणी, मग कोरडं कर. डाग फिका झाला पण गेला नाही तर तेच पुन्हा कर, व्हिनेगर वाढवू नको. कडांपाशी आणि जोडांपाशी जपून, तिथे आत मुरलं तर गोंदाची वाट लागते. आणि ब्लीच असलेलं काहीही व्हिनेगरच्या आसपास नको, क्लोरीन गॅस तयार होतो.

गॅरेजकाका:
फिल्मफुगाचं बरोबर आहे, फक्त मिनिटभर म्हणजे मिनिटभरच. रॅपवाल्या कंपन्या साधारण 3 ते 11 पीएचमधलंच (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) क्लीनर वापरा म्हणतात आणि निम्मं पाणी घातलं तरी व्हिनेगर 3 च्या थोडं खालीच राहतं. व्हील क्लीनर मात्र चुकूनही नको, काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, फिल्मचं जाऊ दे, हाताचे हाल होतील.

मॅटवर वॅक्सही नको. त्या खरखरीत भागात जाऊन बसतं आणि ढगाळ पट्टे दिसतात, मग ते काढायचं वेगळंच काम. प्रेशर वॉशर वापरत असशील तर प्रेशर 2000 पीएसआयच्या आत, नोझल फूटभर लांब आणि सरळ समोरून. तिरका फवारा कडेखाली घुसतो आणि कड उचलली की तिथून पुढे सगळं सुरू होतं.

कडेकडेने:
ग्लॉसी पट्ट्यांवर मी क्ले बार (घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) वापरलाय, भरपूर लुब्रिकंट मारून, एकदम हलक्या हाताने. चालतो.

गॅरेजकाका:
ग्लॉसवर चालेल, पण व्हिनेगरने जात असेल तर क्ले कशाला? बारीक रेघा येतातच. आणि मॅटवर नाहीच.

मॅटब्लॅक:
करून बघितलं. साइडचे पट्टे पहिल्याच वेळी साफ, विश्वास बसेना. बॉनेटला दोनदा करावं लागलं, आता अगदी जवळ जाऊन तिरकं बघितलं तरच थोडं दिसतं. रूफवर मात्र अजून गोल आहेत आणि बोटाला गुळगुळीत लागतंय. हीट गनने जाईल का? कुठेतरी वाचलं की गरम केलं की फिल्म स्वतःच भरून निघते.

फिल्मफुगा:
ते पीपीएफचं, म्हणजे पेंट वाचवायला लावतात ती टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची जाड पारदर्शक फिल्म, तिच्यातले बारीक ओरखडे उष्णतेने भरतात. व्हिनाइलचं तसं नसतं. वर हीट गन जास्त झाली तर मॅटवर चकाकी येईल किंवा फिल्म ताणली जाईल. रूफवर ऊन सरळ येतं, थेंब तिथेच साचून सुकतात, फिल्म तिथेच आधी म्हातारी होते. ते डाग फिल्ममध्ये उतरलेत, आता व्हिनेगर मारत बसू नको. फारच खुपत असेल तर रूफचा तुकडा तेवढाच बदलता येतो, पण बाकीचा काळा उन्हाने थोडा उतरलेला असणार, नवा तुकडा वेगळा दिसेल, तेवढी तयारी ठेव.

मॅटब्लॅक:
रूफ कोण बघतंय, राहू दे तसंच. पण परत पडू नयेत म्हणून काय करू, कोटिंग मारू?

गॅरेजकाका:
मॅट व्हिनाइलसाठी चालतं असं लिहिलेलं स्प्रे सीलंट घे, त्याने क्षार घट्ट बसत नाहीत, पण कोटिंग असलं तरी थेंब सुकला की डाग पडतोच. आधी त्या स्प्रिंकलरचं तोंड फिरवायला सांग. आणि डिस्टिल्ड वॉटर उरलं असेल ना, ते स्प्रे बाटलीत भरून डिकीत ठेव, थेंब उडालेले दिसले की सुकायच्या आत दोन फवारे आणि फडक्याने टिपून घे.