पगारी ट्रेनर आणि आपण हौशी एकाच क्लासमध्ये, हे बरोबर आहे का?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

वय ४६. अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना. घोड्यावर पहिल्यांदा बसलो ते चाळिशी उलटल्यावर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हटलं चालायचं काम घोड्याला देऊ. आता आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला गावाबाहेर एका मित्राच्या शेतातल्या पागेत असतो. मार्चनंतर नऊच्या पुढं सोलापूरच्या उन्हात घोडाही नको म्हणतो आणि माणूसही. घोडी मित्राची, निम्मा खर्च माझा. रेसकोर्सवरून उतरलेली थरोब्रेड आहे. लगाम जरा आवळला की तिला वाटतं शर्यत सुरू झाली. लगामावर रेलते आणि सुटते. ती खोड मोडण्यात दोन वर्षं गेली.

गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर एका क्लबाची ड्रेसाजची, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या करवून मार्क मिळवायची, स्पर्धा होती. मी सगळ्यात खालच्या क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या नवशिक्यांच्या गटात. वॉक, ट्रॉट, कँटर (चालणं, दुडकी, मंद दौड), वीस मीटरची वर्तुळं, शेवटी एक्सवर, म्हणजे रिंगणाच्या मधोमध, थांबून सलाम, संपलं. एन्ट्री बाराशे रुपये. नऊ जण उतरलो, त्यातले तिघं याच धंद्यातले. एक तर रोज सहा-सात घोडी फिरवणारा ट्रेनर, आमच्यातले निम्मे त्याच्याकडेच शिकतात. पहिले तीन नंबर या तिघांचे. पहिल्याला दोनशेपैकी १४३, मला ११६. म्हणजे त्याला साडेएकाहत्तर टक्के, मला अठ्ठावन्न. मी सहावा.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. माझ्या घोडीचा तंग (खोगिराचा पट्टा) आत जायच्या आधी त्यानंच आवळून दिला होता. पण ज्याचं पोट यावर चालतं त्यानं नवशिक्यांच्या क्लासमध्ये उतरून कप न्यायचा? शाळेच्या गॅदरिंगच्या गाण्यात गायनाच्या मास्तरांनी नाव दिल्यासारखं झालं की हे.

आयोजकांना लिहावं असं मनात आहे. इतरत्र वेगळे क्लास असतात का? रडीचा डाव वाटत असेल तर तसंही सांगा.

सात_रस्ता

का टेन्शन घ्यायलाव ओ शेठ. आमच्या आळीत वरातीचा घोडा आहे, बँजो लागला की जागच्या जागी नाचतो. त्याला उतरवा. ट्रेनर बघत बसंल.

निवृत्त_दफेदार

वरच्या भाऊंनी चेष्टेत लिहिलं, पण ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर घोड्याला जागच्या जागी ट्रॉटच करायला लावतात. त्याला पियाफ म्हणतात. वरातीतला घोडा मान वर टाकून, पाठ पोकळ करून नाचतो. पियाफमध्ये उलटं: पुठ्ठे खाली बसतात, वजन मागच्या पायांवर येतं आणि पुढचा भाग हलका होतो. लांबून सारखंच दिसतं. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला तर फरक कळतो.

आता टॉवेलवाले साहेब, तुमच्या मुद्द्यावर. हौशी कोण आणि पगारी कोण हे भांडण आपल्या सोलापुरात सुरू झालेलं नाही. १९१२ ला स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज आलं, तेव्हापासून १९४८ पर्यंत त्यात फक्त कमिशन्ड अधिकारी उतरू शकत. अधिकारी म्हणजे शौकीन, आणि खालचा सार्जंट म्हणजे घोड्यांवर पोट भरणारा, असा सरळ हिशेब. १९४८ ला लंडनमध्ये स्वीडननं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्यांच्या संघातला गेहनाल पेर्सन मुळात सार्जंटच्या दर्जाचा. खेळांपुरतं त्याला लेफ्टनंट केलं आणि खेळ झाल्यावर पुन्हा खाली आणलं. ते उघडकीला आलं, १९४९ ला स्वीडनचं पदक काढून फ्रान्सला दिलं. मग नियमच बदलला. १९५२ ला हेलसिंकीत साधे नागरिक आले, बायका आल्या, पेर्सनही परत आला आणि संघासोबत सुवर्ण घेऊन गेला. १९५६ ला पुन्हा. त्याच हेलसिंकीत डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं वैयक्तिक रौप्य घेतलं. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखाली जोर नव्हता, घोड्यावर चढता-उतरताना तिला आधार लागायचा.

मी स्वतः दफेदार (घोडदळातला सार्जंटच) म्हणून निवृत्त झालो, म्हणजे पेर्सनच्याच बिरादरीतला. त्यामुळे 'पगारी लोकांना बाहेर ठेवा' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमचं म्हणणं तसं नाही हे कळतं. तरीपण सांगून टाकलं.

लगाम_ढिला (पुणे)

मी त्या तिघांपैकी नाही, पण त्याच जातकुळीतली. लोकांची घोडी फिरवून पैसे घेते.

आमची बाजू ऐका. चार वर्षांचं कोवळं जनावर पहिल्यांदा स्पर्धेला न्यायचं तर कुठल्या क्लासमध्ये न्यायचं? मी पंधरा वर्षं बसते आहे म्हणून त्याला हाफ-पास (तिरकं पुढं सरकणं) येत नाही हो! स्पीकर, तंबू, फडफडणारे झेंडे, रिंगणाच्या कडेला 'सी' अक्षरापाशी टेबल मांडून बसलेला जज, हे सगळं त्यानं एकदा बघायला हवं, आणि ते खालच्याच क्लासमध्ये बघायला मिळतं. मालकाला मार्कांचा कागद दाखवावा लागतो, नाहीतर तो म्हणतो, महिनाभर चंदी कुणाच्या घशात गेली?

पण कप घरी नेणं मलाही पटत नाही. त्यावर जुना तोडगा आहे, एचसी म्हणजे स्पर्धेबाहेर. घोडा टेस्ट, म्हणजे ठरलेल्या हालचाली, करतो, जज मार्क देतो, कागद मिळतो, नंबर लावताना नाव धरत नाहीत. मी एन्ट्रीच्या फॉर्मवरच तसं लिहून देते. आयोजकांना एवढंच सुचवा, वेगळा क्लास मागू नका. नऊ एन्ट्र्यांत दोन क्लास केले तर एकात तीन जण उरतील आणि दुसऱ्यातल्या सहांत तुम्ही तिसरे याल. त्या रिबनीचं काय करणार?

आणि व्याख्येचं म्हणाल तर अमेरिकेत ती पैशावर आहे. अठरा वर्षांपुढच्या माणसानं घोडं फिरवायचे किंवा शिकवायचे पैसे घेतले की तो प्रोफेशनल. ब्रिटनमध्ये रायडर आणि घोड्याची आजवरची कामगिरी बघून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे गट पाडतात. मला दुसरं बरं वाटतं. ज्याच्याकडे परदेशातून आणलेला वॉर्मब्लड (खास अशा खेळासाठी पैदास केलेला घोडा) आहे, जो रोज दोन तास बसतो पण एक पैसा घेत नाही, तो कागदावर हौशी. आणि मी कुणाच्या तरी लाथाळ घोड्यावर आठशे रुपयांसाठी बसते, म्हणून मी प्रोफेशनल. २०२३ ला हांगझूच्या एशियाडमध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं. चौघंही युरोपात राहून शिकलेले. पगार कोण घेतं यापेक्षा घोडा कुठला, उस्ताद कुठला आणि दिवसाचे किती तास, यानं जास्त फरक पडतो.

सी_शेजारची_खुर्ची

मी स्पर्धांत जजच्या शेजारी बसून मार्क लिहून घेते. जज तोंडानं सांगतो, नजर घोड्यावरून हलवत नाही, आपण खाली मान घालून लिहायचं. त्या खुर्चीवरून सांगते, रायडर पगारी की हौशी हे त्या पाच-सहा मिनिटांत कुणाच्या डोक्यात येत नाही. येतं ते 'थांबला, पण चौकोनात नाही, डावा मागचा पाय मागे'. गेले दोन मार्क.

तुमचा आणि पहिल्याचा फरक २७ गुणांचा. प्रत्येक हालचालीला दहापैकी मार्क, काहींचे दुप्पट धरतात. असे मिळून वीस हिस्से असतील, तर दर हिश्शाला सव्वा-दीड मार्क. तुम्हाला सहा मिळाले तिथं त्याला सात-साडेसात. हा फरक एकाच ठिकाणी साचत नाही, म्हणून रायडरला वाटतं, मी तर सगळं केलं! कागद मिळाला असेल ना? खालचे शेरे इथं टाका. टक्क्यांपेक्षा ते वाचा.

टॉवेलवाला_सोलापूर

दफेदार काका, तुमचा किस्सा वाचून जरा ओशाळलो. रागावू नका.

कागद कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये होता, बिलांखाली. शेरे जसेच्या तसे: 'ट्रॉटची लय चांगली' (इथं ६.५. मागाचा ठेका झोपेतही चुकला तरी मला कळतो, दोन ठोक्यांची चाल कळणारच). 'कँटरला उशीर'. 'वर्तुळ लहान'. पुढं परत 'वर्तुळ लहान'. तिसऱ्या ठिकाणी नुसतं 'लहान', खाली रेघ मारून. या तिन्हींना साडेचार, साडेचार आणि चार.

सी_शेजारची_खुर्ची

तीनदा एकच शेरा, म्हणजे घोडी चुकत नाहीये, तिला तेवढंच वर्तुळ पाठ आहे. वीस बाय चाळीस मीटरच्या रिंगणात 'ए' अक्षरापासून (सीच्या समोरच्या आखूड बाजूला) सुरू केलेलं वर्तुळ दोन्ही लांब बाजूंना कोपऱ्यापासून दहा मीटरवर टेकतं आणि बरोबर एक्समधून जातं. कोपऱ्यात शिरायचं नाही, आणि एक्सच्या अलीकडूनही वळायचं नाही. तुम्ही सराव कुठं करता, ती जागा मोजली आहे का?

टॉवेलवाला_सोलापूर

मोजली. आज सकाळी कारखान्यातली लांब टेप घेऊन गेलो, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारानं दुसरं टोक धरलं. पागेपुढचं कुंपण आम्ही सगळे 'वीसचं' म्हणतो. मालक म्हणतो, मोतद्दार म्हणतो, माझा मुलगासुद्धा म्हणतो. कुंपण ते कुंपण सतरा मीटर दहा सेंटीमीटर.

दोन वर्षं मी घोडीला कुंपणाला घासून सतरा मीटरचं वर्तुळ शिकवतोय आणि ती इमानदारीत तेच करतेय. कापड सेंटीमीटरवर मोजून विकणारा माणूस मी. मोतद्दार हसत होता, त्याला काही बोललो नाही.

आयोजकांना एचसीचं लिहिणार आहे, लगाम_ढिला ताईंनी सांगितलं तसंच, चार ओळींत. मसुदा आधी त्या ट्रेनरला दाखवीन, पाठीमागं लिहिलं असं नको. शेजारच्या पडीक रानात वीस बाय चाळीस आखायला मालक तयार आहे, दगड तेवढे वेचावे लागतील. फक्की वाऱ्यानं दोन दिवसांत उडून जाते, तर अक्षरांच्या जागी कायमचं काय लावता तुम्ही? रंगवलेले डबे चालतील का? घोडी डब्याला बुजते.

सात_रस्ता

डबे नको. जुने टायर अर्धे पुरा, पांढरा रंग मारा. होटगी रोडला पंक्चरवाल्याकडं ढीग पडलाय, फुकट देईल. आठ लागतील ना? रविवारी टेम्पो रिकामा आहे माझा.