बीटल्सचा पहिला अल्बम : मोनो ऐकायचा की स्टीरिओ?

जुनी_सुई :
'प्लीज प्लीज मी', म्हणजे बीटल्सचा पहिला अल्बम, घेणार असाल तर मोनोच (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) घ्या, स्टीरिओच्या (डावी-उजवीकडे वेगवेगळा आवाज) नादी लागू नका. मोनो एलपी (मोठी तबकडी) २२ मार्च १९६३ला आला, स्टीरिओ त्यानंतर महिन्याभराने, २६ एप्रिलला. अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत तेव्हा दोन ट्रॅकच्या टेपवर काम चाले : एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. ही विभागणी स्टीरिओसाठी नव्हतीच. मोनो मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, गाण्याचा आवाज किती वर उचलायचा, हे नंतर ठरवता यावं एवढाच हेतू. मग तेच दोन ट्रॅक डावी-उजवीकडे ढकलून दिले आणि वर 'स्टीरिओ' छापलं. हेडफोन लावून बघा : डाव्या कानात सगळा बँड, उजव्या कानात गाणारे, आणि मधोमध काहीच नाही.

उजवा_कान :
सपशेल असहमत. ते मधलं रिकामेपणच तर कामाचं आहे! बॅलन्सचा खटका पूर्ण डावीकडे नेऊन पहिलंच गाणं, 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' लावा. पॉल मॅकार्टनीचा बेस गिटार सुटासुटा ऐकू येतो, सूर न् सूर वहीत उतरवून घ्या. मोनोत हाच बेस गळ्यांच्या खाली दबतो.
आता खटका उजवीकडे. नुसते गळे ऐकू येतील असं वाटतं, पण मागे लांबून ड्रमही वाजताना ऐकू येतात. स्टुडिओ नंबर दोनमध्ये सगळे एकाच वेळी वाजवत-गात होते, त्यामुळे गाण्याच्या माइकमध्ये ड्रम शिरले. खोली केवढी मोठी होती हे त्या गळतीतूनच कळतं.

जुनी_सुई :
तो रियाज झाला, अल्बम ऐकणं नव्हे. आणि 'लव्ह मी डू' व 'पी. एस. आय लव्ह यू'चं काय? या दोन्हींची फक्त मोनो टेप उरली होती. स्टीरिओ एलपीसाठी एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तीव्र सूर अशी चाळणी लावली. स्टीरिओचं नुसतं सोंग. २००९च्या स्टीरिओ सीडीवर ही दोन गाणी गुपचूप मोनोतच घातली आहेत, यातच सगळं आलं.
स्टीरिओतलं शीर्षकगीत तर वेगळ्याच टेक्सची (ध्वनिमुद्रणाच्या फेऱ्यांची) जोडाजोड आहे. त्यात शेवटच्या कडव्यात जॉन लेनन शब्द चुकतो आणि पुढच्याच ओळीत त्याला हसू फुटतं. मोनोत हा घोळ नाही.

उजवा_कान :
ते हसू मला पूर्ण मोनो अल्बमपेक्षा प्रिय आहे, काय करणार! शिवाय १९८७ ते २००९ सीडीवर फक्त मोनोच मिळत होता, तेव्हा मोनोवाल्यांची उपासमार झाली असं काही नाही.
'ट्विस्ट अँड शाउट' घ्या. ११ फेब्रुवारी १९६३च्या रात्री, अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, अगदी शेवटी घेतलेलं गाणं. जॉनला सर्दी, घसा दिवसभर गाऊन सोललेला. पहिलाच टेक अल्बमवर आहे. दुसरा करून पाहिला, पण आवाज उरलाच नव्हता. उजवा स्पीकर एकटा लावा, घसा कुठे फाटतो ते नेमकं कळतं. मोनोत गिटार त्यावर पांघरूण घालते.

टेपवाला :
मोनोवाल्यांच्या बाजूने एक भर. 'स्टीरिओ घेऊन अँपचं (अँप्लिफायरचं) मोनो बटण दाबलं की झालं' असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. बटण दोन्ही बाजू ठरावीक प्रमाणात एकत्र करतं. मोनो मिक्समध्ये गळ्याची पातळी आणि एको (घुमारा) गाण्यागणिक बसवलेले आहेत. ते बटणाने येत नाहीत.
आणि 'एका दिवसात केलेला अल्बम' हेही अर्धसत्य. १४पैकी १० गाणी त्या दिवशी झाली, ४ आधीच्या दोन सिंगल्सची. २० फेब्रुवारीला निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 'मिझरी'वर पियानो आणि 'बेबी इट्स यू'वर सेलेस्टा (घंटीसारखा वाजणारा छोटा पियानो) चढवला. 'मिझरी'ची टेप सेकंदाला ३० इंच वेगाने घेतलेली. ती १५ वर चालवून पियानो वाजवला, म्हणून मूळ वेगात तो एक सप्तक वर आणि टणटणीत लागतो. दोनच ट्रॅक असल्याने भर घालायची तर एका टेपवरून दुसरीवर नक्कल करावी लागे, आणि नकलेत खरखर वाढते.

उजवा_कान :
बरं, मग १९६३ची मोनो तबकडी आजच्या प्लेअरवर लावायची कशी? तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

टेपवाला :
त्या काळच्या मोनो खोबणीला २५ मायक्रॉनची गोल सुई बसते. स्टीरिओची साधारण १८ची असते, ती खोल उतरते. खोबणीच्या वरच्या कडा जड प्लेअरने झिजल्या असतील तर उलट १८चीच सुई बरी, कारण ती न झिजलेल्या भागावर चालते. स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर इथे मात्र मोनो बटण जरूर दाबा. मोनोचा आवाज सुईच्या आडव्या हालचालीत असतो; उभ्या हालचालीतून येतो तो कचरा, आणि बटणाने तो वजा होतो. उलटं कधी करू नका : जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली लवत नाही, स्टीरिओ तबकडीवर ठेवलीत तर खोबणी खरवडून काढेल. बीटल्सची काही गाणी भारतात ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांवरही निघाली होती. त्यांना यातली कुठलीच सुई चालत नाही, बरीच जाड लागते.
आणि स्टीरिओ ऐकताना गळे डावीकडून आले, तर डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल झाली आहे.