चुन्याखालचं चित्र

"भिंतीवरच्या चित्राचा रंग उडाला की नवं काढायचं, जतन कशाला?" असं काही जण म्हणतात. अहो, लॉस एंजेलिसची ओल्वेरा स्ट्रीट बघा. सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने १९३२ साली तिथल्या भिंतीवर क्रुसावर बांधलेला आदिवासी रंगवला, वर गरुड. काही वर्षांतच त्यावर चुना फासला गेला. साठच्या दशकाच्या शेवटी पोपडे सुटून चित्र पुन्हा डोकावू लागलं, नेमकं चिकानो चळवळ, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची हक्कांची चळवळ, पेटत असताना! कलावस्तू जतन करणाऱ्या गेटी संस्थेने ते नव्याने न रंगवता साफ करून पक्कं केलं, वर छत घातलं. २०१२ पासून लोकांना बघता येतं. मला हेच पटतं. फिकट तर फिकट, पण हात सिकेरोसचाच. सॅन डिएगोच्या चिकानो पार्कात पुलाच्या खांबांवरची बरीच चित्रं मूळ चित्रकारांनीच परत रंगवली; तिथे माझी तक्रार नाही.