पीकलरमेशची पीडीएफ फार जड होते: रास्टर करावे की व्हेक्टर ठेवावे?

ओली_वाट: ईआरए५ या जागतिक हवामान-विदासंचातील तापमानाचे दोन जागतिक नकाशे मी पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख-साधनातील पीकलरमेश (जाळीची प्रत्येक चौकट रंगवणारी आज्ञा) वापरून काढले आहेत. जाळी ०.२५ अंशांची असल्यामुळे एका नकाशात १४४० × ७२१, म्हणजे १०,३८,२४० चौकटी येतात. पीडीएफमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र बहुभुज म्हणून (म्हणजे व्हेक्टर रूपात) लिहिली जाते, त्यामुळे फाइल ६० एमबीच्या वर गेली असून ती उघडताना लॅपटॉप थिजतो. नियतकालिकाची मर्यादा १० एमबी आहे, लेख परवा पाठवायचा आहे आणि खर्च करण्याची ऐपत नाही. कृपया सल्ला द्यावा.

खडू_फळा: आपण ३२ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यावा. मी दिवाळीत घेतला आणि तेव्हापासून कोणतीही पीडीएफ अडलेली नाही.

कोनाडा: रॅम वाढवल्याने फाइल लहान होत नाही. पीकलरमेशला 'रास्टराइज्ड=ट्रू' द्या, म्हणजे फक्त रंगीत जाळीचे रास्टर, म्हणजे चित्रबिंदूंचे, चित्र होईल आणि अक्षरे, अक्ष व किनारपट्टी व्हेक्टरच राहतील. मात्र फाइल साठवणाऱ्या सेव्हफिग या आज्ञेत डीपीआय (दर इंचातील चित्रबिंदू) अवश्य लिहा. तो न लिहिल्यास मूळचा १०० धरला जातो, आणि नकाशा १८० मिमी रुंद धरल्यास जेमतेम ७०९ चित्रबिंदू मिळतात, जे तुमच्या १४४० स्तंभांच्या निम्मेही नाहीत. माझ्या प्रबंधातील नकाशे असेच धुरकट छापले गेले, आणि ते बांधणी झाल्यावर लक्षात आले.

जुना_नांगर: मी तर सगळेच जेपीईजीमध्ये देतो, आजवर कोणी हरकत घेतली नाही.

कोनाडा: जेपीईजीत रंगांच्या कडा फिसकटतात आणि अक्षरांभोवती डाग उमटतात. हरकत घेतली नाही याचा अर्थ कोणी मोठे करून पाहिले नाही, एवढाच होतो.

सांजवात: मीही 'रास्टराइज्ड=ट्रू' हेच सुचवते; पण ३०० डीपीआयला प्रत्येक स्तंभाच्या वाट्याला सुमारे दीड बिंदू येतो, त्यामुळे काही चौकटी एक बिंदू रुंद तर काही दोन बिंदू रुंद दिसतात. ६०० ठेवल्यास जवळपास तीन बिंदू मिळतात.

आर_भक्त: आर या भाषेत जिओम_रास्टर ही आज्ञा हे काम मुळातच करते. पायथनवाल्यांनी एवढा खटाटोप का करावा, हे मला कधीच उमगले नाही.

खडू_फळा: व्हेक्टर ठेवल्यास चौकटींमध्ये पांढऱ्या रेघा दिसतात, हे कोणी सांगितलेच नाही. शेजारच्या दोन्ही चौकटींच्या कडा वाचक-सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे मऊ करते आणि फटीतून मागचा पांढरा रंग डोकावतो. माझ्या नव्या लॅपटॉपवरही त्या दिसतात.

ओली_वाट: सर्वांचे आभार. लेख मोसमी पावसाच्या प्रदेशापुरताच असल्याने मी ६०–१०० पूर्व आणि ०–४० उत्तर एवढाच भाग ठेवला. आता एका नकाशात १६१ × १६१, म्हणजे २५,९२१ चौकटी उरल्या आणि फाइल मर्यादेच्या पुष्कळ आत बसली. व्हेक्टरच ठेवले आहे; 'एजकलर=फेस' (प्रत्येक चौकटीची कड तिच्याच रंगाने काढणे) दिल्यावर रेघाही गेल्या.

कोनाडा: पारदर्शक रंग वापरला असेल, तर त्याच कडा एकमेकींवर चढून गडद जाळी दिसेल. पाठवण्यापूर्वी एकदा छापून पाहा.

ओली_वाट: पारदर्शकता वापरलेली नाही. लेख सकाळीच पाठवला.