यांकोविच ‘फुकटची नंबर एक’? जरा थांबा

बॅकहँड_बाई

परवा टेनिसपटू जोकोविचच्या धाग्यावर ‘रविवारचा पेपर’ यांनी जाता जाता एक पिंक टाकली: “सर्बियाची खरी खेळाडू इव्हानोविच. येलेना यांकोविच म्हणजे फुकटची नंबर एक. ग्रँड स्लॅम एक नाही, हेनिन गेली म्हणून लॉटरी लागली.” तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसले, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा वेगळा धागा.

बेल्जियमची जस्टिन हेनिन मे २००८ मध्ये महिला टेनिसमध्ये नंबर एकवर असताना निवृत्त झाली, मान्य. पण जागा रिकामी झाली ती सगळ्यांसाठीच ना? त्या वर्षीच्या चार स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, चार वेगवेगळ्या बायकांनी जिंकल्या: शारापोव्हा, इव्हानोविच, व्हीनस, सेरेना. आता यांकोविचचं वर्ष बघा. ऑस्ट्रेलियात सेमी, पॅरिसला (फ्रेंच ओपन) सेमी, विम्बल्डनला चौथी फेरी, न्यूयॉर्कला (यूएस ओपन) फायनल. रोम जिंकली. शरद ऋतूत बीजिंग, स्टुटगार्ट, मॉस्को अशा तीन स्पर्धा लागोपाठ खिशात घातल्या. बाकीच्या दोन आठवडे चमकायच्या आणि दोन महिने गायब व्हायच्या. ही जानेवारी ते ऑक्टोबर हजर होती. वर्षअखेर पहिली कोण असायला हवी होती मग?

आणि ही तीच मुलगी, जी २००६ च्या सुरुवातीला ओळीने दहा मॅच हरून टेनिस सोडायच्या विचारात होती. त्याच वर्षी यूएस ओपनच्या सेमीत हेनिनसमोर ६-४, ४-२ ने पुढे. तिथून सलग दहा गेम गमावले, हेही खरं. पण त्यानंतर ती पुन्हा उभी राहिली की नाही? तिचा तो डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ जाणारा, बॅकहँड आठवा आणि मग ‘फुकट’ म्हणा.

रविवारचा_पेपर

ताई, एवढं लिहून तुम्ही माझंच काम सोपं केलंत. सेमी, सेमी, चौथी फेरी, फायनल. यात ‘जिंकली’ कुठंय? तुम्हीच सांगितलेली ती हेनिनची मॅच म्हणजे हिची अख्खी कारकीर्द आहे. २००८ च्या यूएस ओपन फायनलला दुसऱ्या सेटमध्ये ५-३ ने पुढे होती, सेट पॉइंट हातात होते. सेरेनाने ७-५ ने तो सेट नेला आणि कपही. त्याच वर्षी पॅरिसच्या सेमीत दोघी सर्बियन समोरासमोर. जी जिंकेल ती नंबर एक, हे दोघींनाही माहीत. तिसऱ्या सेटमध्ये ६-४ ने जिंकली कोण? इव्हानोविच. दोन दिवसांनी फायनलला रशियाच्या साफिनाला हरवून कपही तिनेच उचलला. मोठ्या दिवशी हात चालतो की थरथरतो, एवढंच मी बघतो.

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

आणि त्यानंतर तुमच्या इव्हानोविचने काय दिवे लावले तेही लिहा की. तीन महिन्यांत यूएस ओपनला दुसऱ्या फेरीत ज्युली क्वाँकडून हरली. ती क्वाँ क्रमवारीत १८८ वी, आणि इव्हानोविच अव्वल मानांकित खेळाडू! नंतर सर्व्हिसचा टॉसच हरवला बिचारीचा, चेंडू वर टाकून परत झेलायची. पुढची स्लॅम सेमीफायनल थेट २०१५ ला. नंबर एकवर ती १२ आठवडे, यांकोविच १८. डब्ल्यूटीएची (महिला टेनिस संघटनेची) एकेरी विजेतेपदं दोघींची सारखीच, १५-१५. त्या दोन आठवड्यांच्या पॅरिसवर किती वर्षं भांडणार?

रविवारचा_पेपर

जन्मभर. त्या दोन आठवड्यांसाठीच तर खेळतात सगळे.

पार्ल्याची_नाट्यवेडी

मला स्कोअर-बिअर कळत नाही फारसं, पण एक सांगते. त्या वर्षी आमच्या घरी येणाऱ्या पेपरात क्रीडा पान उघडलं की इव्हानोविचचा फोटो. जिंकली तरी फोटो, हरली तरी फोटो, नुसता घाम पुसत असली तरी फोटो. यांकोविच नंबर एक झाली तेव्हा तळाला बारीकशी बातमी. यांना इव्हानोविच ‘खरी’ वाटते त्यात त्या फोटोंचा वाटा किती, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं.

आणि इव्हानोविचच्या सरावाची ती पोहण्याच्या तलावाची गोष्ट! १९९९ ची नाटोची बॉम्बफेक, बेलग्रेडमधला रिकामा तलाव, त्यात अंथरलेलं कार्पेट, भिंत इतकी जवळ की क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका फटका, मारायची सोय नाही. गोष्ट खरीच आहे, पण दरवेळी तीच. यांकोविच लहानपणी फ्लोरिडाला टेनिस प्रशिक्षक बोलेटिएरींच्या अकादमीत गेली, घरापासून हजारो मैलांवर राहिली, यावर कुणी हुंदका काढला नाही.

सांगलीकर_बाबा

फ्लोरिडाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझी मुलगी अंडर फोर्टीन खेळते. यांकोविच ‘रँकिंगचे पॉइंट गोळा करून’ नंबर एक झाली असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर टॅलेंट सिरीजला, म्हणजे मुलांच्या रँकिंग स्पर्धांना, यावं. रात्रभर एसटीने जायचं, सकाळी साइन-इन, क्वालिफाइंगमध्ये पहिल्या मॅचला हरलं की दुपारी परत. चेंडू, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), लॉजचं भाडं, कोचचा वेगळा हिशेब. मागच्या वर्षी मोटरसायकल विकली. पॉइंट झाडाला लागत नाहीत, साहेब. यांकोविच दर आठवड्याला खेळायची म्हणून हिणवता, पण आमच्यासारख्यांना विचारा दर आठवड्याला खेळणं म्हणजे काय ते.

निवृत्त_पंच

बाबा, राग मानू नका, पण मी अशा स्पर्धांना खुर्चीत बसलोय. पॉइंटमागे पळणारी मुलं मी पाहिलीत. दुखऱ्या मनगटाला पट्टी बांधून कोर्टवर ढकललेली, आणि जाळीबाहेरून बाप ओरडतोय, ‘दुसरी सर्व्हिस हळू टाक’. बारा वर्षांच्या पोरीला महिन्यातले सगळे शनिवार-रविवार स्पर्धा. ती सर्व्हिस सुधारणार कधी? या पॉइंटच्या नादात मुलं नुसता चेंडू परत ढकलायला शिकतात.

सांगलीकर_बाबा

तुम्ही मला ओळखता का? मी जाळीबाहेरून ओरडतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? पंचांनी आधी लाइन नीट बघायला शिकावं. एका फायनलला आत पडलेला चेंडू बाहेर दिला, पोरगी रात्रभर रडत होती. आणि ‘सुधारणार कधी’ हे सोपं आहे बोलायला. रँकिंग नसेल तर मेन ड्रॉत, म्हणजे मुख्य स्पर्धेत, थेट प्रवेश नाही, आणि मेन ड्रॉ नाही तर चांगल्या मुलींशी मॅच नाही. सांगा, घरी बसवून सुधारू का?

निवृत्त_पंच

चेंडू आत होता हे बापाला साठ फुटांवरून दिसतं, हेही मी अनेकदा ऐकलंय.

सांगलीकर_बाबा

यालाच म्हणतात खुर्चीचा माज.

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

अहो, दोघेही पाणी प्या. बाबा, मोटरसायकल विकलीत त्याबद्दल आदर आहे, पण पंचसाहेबांच्या मुद्द्यात दम आहे आणि तो यांकोविचलाच लागू पडतो. तिची दुसरी सर्व्हिस शेवटपर्यंत कच्ची राहिली. पळून पळून, परत ढकलून ती जगात पहिली आली, तिथे सेरेनाच्या रिटर्नसमोर उघडी पडली.

बॅकहँड_बाई

वा, आता तुम्हीही फिरलात! ‘ढकलून’ म्हणे. इंडियन वेल्स २०१० चा कप वोझ्नियाकीला हरवून घेतला, सिनसिनाटी २००९ ला साफिनाला. चेंडू परत ढकलण्यातच पटाईत असलेल्या वोझ्नियाकीला ढकलाढकलीत कोण हरवतं? तिचं बिघडलं ते वेगळ्या कारणाने. २००८ संपताना सेरेनासारखी ताकद हवी म्हणून तिने हिवाळ्यात स्नायू वाढवले आणि पायातली चपळाई घालवली. २००९ ला ऑस्ट्रेलियात चौथ्या फेरीत बार्तोलीने ६-१, ६-४ ने घरी पाठवलं. जे होतं ते सोडून नसलेल्याच्या मागे लागली. माझी तिच्यावर टीका आहे ती ही.

बाबा, मुलीला खेळवत राहा, पण महिन्यात एखादा आठवडा मोकळा ठेवा. हे मी भोगून सांगतेय. माझा खांदा सतराव्या वर्षी गेला.

सांगलीकर_बाबा

ताई, तुम्ही म्हणता म्हणून विचार करतो. पंचांनी म्हटलं म्हणून नाही.

पार्ल्याची_नाट्यवेडी

फोटोंच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. नोंद घेतली आहे.

रविवारचा_पेपर

फोटोंचं म्हणाल तर आमच्याकडे तेव्हा पेपर कृष्णधवल यायचा, त्यामुळे मी सुरक्षित.

असो. स्लॅमशिवाय नंबर एकवर गेलेल्यांची यादी पुन्हा बघितली. क्लायस्टर्स, मोरेस्मो, वोझ्नियाकी, हालेप यांनी नंतर स्लॅम जिंकून हिशेब चुकता केला. साफिना, प्लिश्कोव्हा आणि तुमची यांकोविच राहिल्या. पुरुषांत चिलीचा रिओस. लॉटरी हा शब्द मागे घेतो, कारण लॉटरी १८ आठवडे लागत नाही. ‘फुकट’ हा शब्द मात्र अर्धाच मागे घेतो.

बॅकहँड_बाई

अर्धा म्हणजे?

रविवारचा_पेपर

म्हणजे वर्षभराचा हिशेब तिचा, मान्य. पण न्यूयॉर्कला ५-३ ला ते सेट पॉइंट घेतले असते, तर तिसऱ्या सेटमध्ये सेरेनाचे पाय दुखायला लागले असते आणि हा धागाच निघाला नसता. एवढी पळणारी बाई, तिसरा सेट तिचाच होता.

बॅकहँड_बाई

हे मात्र मलाही अजून पचलेलं नाही. त्यातल्या एका पॉइंटला तरी तो बॅकहँड लाइनवर मारायला हवा होता. आणि विम्बल्डन २००७ चं मिश्र दुहेरी, जेमी मरेबरोबर जिंकलेलं, ते तुम्ही मोजतच नाही वाटतं.

रविवारचा_पेपर

मिश्र दुहेरी? ताई, आता पुन्हा भांडायला लावू नका.