मदत हवी आहे: इंडस्ट्रियलच्या मुलांना प्रोग्रामिंगची ओळख कशी करून द्यावी?

मंडळी, या सेमिस्टरला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवायचंय, भाषा पायथॉन. पहिल्या तासालाच मुलं विचारतात की आम्हाला सॉफ्टवेअरमध्ये जायचंच नाही मग हे कशाला, आणि प्रश्न अगदी रास्त आहे हो. मूळ संख्या शोधा, पिरॅमिड छापा असली उदाहरणं देऊन त्यांचा रस मारायचा नाहीये मला.

माझ्या डोक्यात असंय की सुरुवातच एका मशीनवरच्या १० कामांनी करावी, त्यांचे क्रम होतात ३६,२८,८००, हाताने कोण तपासणार? पण कमी वेळाचं काम आधी असा साधा सॉर्ट लावला की कामं पूर्ण व्हायचा सरासरी वेळ सगळ्यात कमी येतो, आणि हे मुलांना स्वतः चालवून बघता येतं. मग फंक्शन शिकवताना हॅरिसचं १९१३ चं ऑर्डर क्वांटिटीचं सूत्र (एका वेळी किती माल मागवला की एकूण खर्च सगळ्यात कमी येतो ते सांगणारं), लूप शिकवताना रांगेचं सिम्युलेशन, म्हणजे लोक येतात, थांबतात, जातात याची कॉम्प्युटरवर नक्कल.

अडलंय इथे: सिम्युलेशन पहिल्याच सेमिस्टरला झेपेल का? आणि एक्सेल येणाऱ्या मुलांना थेट पांडाज (तक्त्यांमधला डेटा हाताळायची पायथॉनची लायब्ररी) द्यावं की आधी पायथॉनमधले लिस्ट, डिक्शनरी हे डेटा साठवायचे मूळ प्रकार पक्के करून घ्यावेत? कुणी शिकवलं किंवा शिकलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, विशेषतः मुलं नेमकी कुठे अडकतात ते.